एका नाण्यानं सिद्ध झालेला सम्राट

2003 सालचा एप्रिल महिना. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ चालग्रोव्ह नावाचं खेडं आहे. तिथल्या एका शेतात एक माणूस मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होता. यंत्र वाजलं, त्यानं खणलं आणि मातीचं एक मडकं लागलं. आत नाणी होती, पण सुटी नव्हती. सतराशे वर्षं जमिनीतली ओल पिऊन तांब्यावर हिरवा गंज चढला होता आणि सगळी नाणी एकमेकांना घट्ट चिकटून त्यांची गुळाच्या ढेपेसारखी एकच ढेप झाली होती.

ती ढेप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली. तिथे एकेक नाणं सोडवायचं, साफ करायचं, त्यावरचा चेहरा ओळखायचा आणि नोंद करायची, असं काम सुरू झालं. मोजदाद झाली तेव्हा 4,957 नाणी भरली. इ.स. 251 ते 279 या काळातली, रोमन साम्राज्यात रोजच्या देवघेवीत चालणारी. जवळपास सगळ्या नाण्यांवर अभ्यासकांच्या ओळखीचेच सम्राट होते. त्या ढिगातलं एक नाणं मात्र संग्रहालयाचे रोमन नाण्यांचे जाणकार रिचर्ड ॲब्डी यांनी बाजूला काढलं. आपल्या रुपयाच्या नाण्याएवढं, किंबहुना थोडं लहानच. दाढीवाला चेहरा, डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट आणि कडेनं लॅटिन अक्षरं: 'इंप सी डोमिशियानस पी एफ ऑग'. मधे नाव, मागेपुढे सम्राटाच्या पदव्यांची लघुरूपं.

डोमिशियानस नावाचा एक प्रसिद्ध रोमन सम्राट होऊन गेला, पण तो इ.स. 81 ते 96 या काळात. मडक्यातली नाणी त्याच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी पाडलेली. शिवाय असल्या घडणीचं नाणं त्याच्या काळात पाडलंच जात नव्हतं. म्हणजे हा दुसराच कुणी डोमिशियानस होता. स्वतःला सम्राट म्हणवणारा, स्वतःच्या नावाचं नाणं पाडणारा, आणि सम्राटांच्या सर्वमान्य यादीत जागाच नसलेला.

हे नाणं मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, ते सांगण्यासाठी हा लेख. त्यात सोनं नाही, चांदी असलीच तर नावाला. धातू म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य. तरीही त्यानं रोमच्या इतिहासात एका सम्राटाची भर घातली, आणि ती घालू शकलं याचं कारण ते कुठे सापडलं आणि कुणाच्या सोबतीनं सापडलं, हे आपल्याला ठाऊक आहे. नाण्याची साक्ष त्याच्या जागेवर आणि सोबतीवर उभी असते. हे एक सूत्र पकडलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी थोडा काळ समजून घेऊ. इ.स. 260 मध्ये रोमचा सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला. सम्राटच शत्रूच्या कैदेत गेल्यावर साम्राज्याच्या कडा सुटू लागल्या. पश्चिमेकडे पोस्टुमस नावाच्या सेनापतीनं आजचा फ्रान्स, जर्मनीचा ऱ्हाइन नदीकाठचा भाग आणि ब्रिटन एवढा मुलूख तोडून स्वतःचं राज्य मांडलं. इतिहासात त्याला गॉलचं साम्राज्य म्हणतात. ते जेमतेम चौदा वर्षं टिकलं. पोस्टुमसला 269 मध्ये त्याच्याच सैनिकांनी मारलं. मग मारियस आला, तो गेला. मग व्हिक्टोरिनस आला आणि 271 मध्ये कोलोन शहरात त्याचाही खून झाला. त्यानंतर टेट्रिकस गादीवर बसला आणि 274 मध्ये रोमचा सम्राट औरेलियन यानं त्याला हरवून हा सगळा प्रदेश परत जोडून घेतला.

व्हिक्टोरिनस मेला आणि टेट्रिकस आला, या दोघांच्या मधल्या फटीत कुठेतरी डोमिशियानस आहे. काही महिने म्हणा, कदाचित काही आठवडेच. तेवढ्यात सैन्याच्या एखाद्या तुकडीनं त्याला खांद्यावर घेतलं असणार आणि त्यानं पहिलं काम कोणतं केलं असेल तर टांकसाळ ताब्यात घेऊन आपल्या नावाचं नाणं पाडलं.

हे पहिलं काम का, ते मराठी माणसाला फार समजावून सांगायला नको. आपल्याकडे मुलूख जिंकला की द्वाही फिरवायचे: आजपासून इथे अमक्याचा अंमल. नाणं ही हातोहात फिरणारी द्वाही होती. 1674 मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, त्यामागेही हाच अर्थ होता. स्वतःचं नाणं पाडायचा हक्क म्हणजेच सार्वभौम सत्ता. रोममध्ये त्याला आणखी एक व्यवहारी बाजू होती. सैनिकांना पगार नाण्यांत मिळे. ज्यांच्या जोरावर गादी मिळाली, त्यांच्या तळहातावर तुमचा चेहरा पडला पाहिजे आणि तोही लवकर.

डोमिशियानसच्या नाण्याच्या मागच्या बाजूला एक देवी उभी आहे. एका हातात अर्घ्याचं पात्र, दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. कडेनं शब्द आहेत: 'कॉन्कॉर्डिया मिलिटम', म्हणजे सैनिकांचा एकोपा. ज्या राज्यात सैनिकच एकामागून एक राजा मारत होते, तिथे नव्या राजानं नाण्यावर सैनिकांच्या एकोप्याची देवी कोरून घेतली. त्या दोन शब्दांत मला त्या माणसाची भीती ऐकू येते. पुढे काय झालं असेल ते त्याच्या नाण्यांच्या दुर्मीळपणावरूनच कळतं.

आता त्या नाण्याच्या धातूबद्दल, कारण तोही त्या काळाचा आरसा आहे. रोमचं जुनं भरवशाचं चांदीचं नाणं म्हणजे दिनारियस. इ.स. 215 मध्ये काराकाला या सम्राटानं एक नवं नाणं काढलं. त्यावर राजाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असे. हा मुकुट म्हणजे हे नाणं दोन दिनारियसच्या बरोबरीचं, असा संकेत मानला जातो. पण त्यात चांदी होती फक्त दीड दिनारियसएवढी. उरलेली अर्ध्या दिनारियसची चांदी सरकारच्या खिशात. पुढे लढाया वाढल्या, पगार वाढले, चांदी अपुरी पडू लागली, आणि प्रत्येक सम्राट नाण्यात थोडं थोडं हीण वाढवत गेला. 270 च्या सुमाराला त्यात चांदी शंभरात चार-पाच भाग किंवा त्याहूनही कमी उरली. बाकी सगळं तांबं. नवं असताना वरून चांदीचा पातळ मुलामा, चार हातांतून फिरलं की खालचं तांबं उघडं.

आपल्याकडे सराफ अशा नाण्याला बट्टा लावत. नाणं शंभराचं म्हणून चालायचं, पण त्यातला कस पाहून सराफ त्यातून चार-पाच वजा करून घ्यायचा. 'बट्टा लागणे' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. रोमन बाजारातही लोकांनी आपापल्या परीनं तेच केलं: जुनं, चांगल्या चांदीचं नाणं घरात दडवायचं आणि नवं हिणकस नाणं बाजारात खपवायचं. त्यामुळे चांगलं नाणं बाजारातून नाहीसं होत जातं. भाव चढले, नाण्यांची संख्या अफाट वाढली आणि एकेका मडक्यात हजारो नाणी मावू लागली. तिसऱ्या शतकातले असे नाण्यांचे साठे ब्रिटनमध्ये इतके सापडतात, त्याचं एक कारण हेच आहे. दुसरं कारण असं की हिणकस नाण्यांच्या जागी पुढे नवी नाणी आली, आणि जुनी नाणी परत खणून काढण्यात कुणाला फायदाच उरला नाही.

चालग्रोव्हच्या साठ्यातलं सगळ्यांत अलीकडचं नाणं 279 च्या सुमाराचं. मडकं त्याच्या आधी पुरलेलं असूच शकत नाही, हे उघड आहे. जुन्या घरात भिंतीत एखादी वीट सापडली आणि तिच्यावर साल असेल, तर भिंत त्या सालानंतरची, एवढं साधं हे गणित. साठ्याचं वय ठरवायची पहिली पायरी म्हणजे त्यातलं सगळ्यांत नवं नाणं शोधणं. आणि त्यातून एक हळवं करणारी गोष्टही कळते. डोमिशियानस संपल्यावर निदान आठ वर्षं त्याचं नाणं बाजारात फिरत राहिलं. घेणाऱ्या-देणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नसेल. दाढी, मुकुट, अस्पष्ट अक्षरं, अगदी व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकसच्या नाण्यांसारखीच घडण. ज्यानं ते मडक्यात टाकलं त्याला आपण काय जपून ठेवतोय याची कल्पना नव्हती, असंच दिसतं.

आता या गोष्टीतला सगळ्यांत सुंदर भाग.

डोमिशियानसचं हे पहिलं नाणं नव्हतं. 1900 साली फ्रान्समध्ये नांत शहराजवळ ले क्लेओं नावाच्या ठिकाणी नाण्यांचा एक साठा सापडला होता आणि त्यातही याच नावाचं एक नाणं होतं. ते प्रसिद्ध झालं, पण विद्वानांनी मान हलवली. असा सम्राटच नव्हता तर त्याचं नाणं कुठून येणार? कुणी म्हणालं, खोटं आहे. कुणी म्हणालं, दुसऱ्या राजाच्या नाण्यावरची अक्षरं कोरून बदललेली आहेत. ग्रंथांत आधार अगदी बारीक होता. झोसिमस या ग्रीक इतिहासकारानं औरेलियनविरुद्ध उठलेल्या बंडखोरांमध्ये डोमिशियानस हे नाव दिलंय, तेही दोन इतर नावांच्या जोडीला, ओझरतं. आणखी एका लॅटिन ग्रंथात या नावाचा सेनापती येतो, पण त्या ग्रंथात कल्पित गोष्टींची इतकी सरमिसळ आहे की अभ्यासक त्यावर एकट्यावर काही उभारत नाहीत. त्यामुळे शंभर वर्षं ते फ्रान्समधलं नाणं नांतच्या संग्रहालयात संशयित म्हणून पडून राहिलं.

मग चालग्रोव्हचं नाणं आलं, आणि दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं की ती एकाच ठशांतून पाडलेली आहेत.

इथे ठसा म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सगळा पुरावा यावर उभा आहे. रोमन टांकसाळीत एक कारागीर धातूच्या तुकड्यावर राजाचा चेहरा उलटा कोरे. हा खालचा ठसा ऐरणीत बसवायचा. दुसऱ्या तुकड्यावर मागच्या बाजूची देवी कोरायची, तो वरचा ठसा. मधे धातूची तापवलेली चकती ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव. एक घाव, एक नाणं. सगळं कोरीवकाम हातानं होत असल्यामुळे दोन ठसे कधीच हुबेहूब सारखे नसतात. नाकाची उंची, दाढीच्या रेघा, एखादं अक्षर किंचित कलंडलेलं, मुकुटाचं टोक कुठल्या अक्षराखाली येतं, यात फरक पडतोच. आपल्या गावातला गणपतीचा मूर्तिकार दोन मूर्तींचे डोळे हातानं लिहितो तेव्हा ते एकसारखे येत नाहीत, तसंच. म्हणून दोन नाण्यांवर या सगळ्या खुणा तंतोतंत जुळल्या तर ती एकाच ठशाची लेकरं, यात शंका राहत नाही.

आता विचार करा. 1900 च्या आधी कुणी लबाडानं फ्रान्समध्ये ते नाणं बनवलं असेल, तर त्याच लबाडाच्या ठशाचं दुसरं नाणं इंग्लंडमधल्या शेतात, जमिनीखाली, पाच हजार अस्सल नाण्यांच्या ढेपेत, सतराशे वर्षांच्या गंजानं इतर नाण्यांना चिकटलेलं कसं सापडेल? सापडूच शकत नाही. गंजाचा तो हिरवा थर म्हणजेच साक्षीदार होता. चालग्रोव्हचं नाणं खरं ठरलं आणि त्यानं शंभर वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या फ्रेंच भावंडालाही निर्दोष सोडवलं. झोसिमसच्या त्या ओझरत्या उल्लेखालाही वजन आलं.

हेच नाणं ढेपेतून सोडवून, चकचकीत घासून कुणी बाजारात एकटं विकायला आणलं असतं तर? तज्ज्ञांनी पुन्हा मान हलवली असती आणि त्यांना दोष देता आला नसता. याचं उदाहरणही हाताशी आहे. स्पॉन्सियानस नावाच्या आणखी एका अज्ञात सम्राटाची सोन्याची नाणी 1713 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात सापडली असं सांगतात. त्यातलं एक ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात ते बनावट ठरवलं गेलं. 2022 मध्ये काही शास्त्रज्ञांनी त्यावरचे ओरखडे आणि मातीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते अस्सल असल्याचं मांडलं, आणि अनेक नाणेतज्ज्ञांनी ते मानायला नकार दिला. वाद चालूच आहे. ते सोन्याचं आहे, चालग्रोव्हचं तांब्याचं. पण सोन्याच्या नाण्याला आपलं घर आणि आपले सोबती दाखवता येत नाहीत, तांब्याच्याला येतात.

आमच्या घरच्या देव्हाऱ्यात एक शिवराई होती. आजी दर पाडव्याला देव उजळायला काढायची, त्यांच्याबरोबर तीही चिंच आणि राख लावून घासली जायची. आजीची भक्ती खरी होती. पण मी कॉलेजात असताना ते नाणं पहिल्यांदा भिंगाखाली धरलं तेव्हा एका बाजूला 'श्री' आणि 'राजा'तला एक काना एवढंच उरलं होतं. 'शिव' गेलं होतं. दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' बोटाला जाणवत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. पन्नास-साठ पाडव्यांनी ती अक्षरं खाल्ली. तेव्हापासून कुणी जुनं नाणं दाखवलं की मी आधी एकच सांगतो: घासू नका. चिंच नको, लिंबू नको, ब्रश नको. माती चिकटली असेल तर राहू द्या. त्या मातीलाही बोलता येतं.

माती काय बोलते, याचा सगळ्यांत चांगला नमुना 2010 मध्ये इंग्लंडच्याच सॉमरसेट परगण्यात मिळाला. फ्रोम गावाजवळच्या शेतात एका डिटेक्टरवाल्याला काही नाणी आणि खाली मडक्याचा काठ दिसला. त्यानं हात थांबवला. खड्डा परत बुजवला आणि पुरातत्त्वाच्या लोकांना कळवलं. त्यांनी येऊन मडकं जागच्या जागी थराथरानं रिकामं केलं, प्रत्येक थराची नाणी वेगळी ठेवली. एकूण 52,503 नाणी निघाली, वजन सुमारे 160 किलो.

थर वेगळे ठेवल्यामुळे काय कळलं बघा. या साठ्यातली सगळ्यांत नवी नाणी कॅरॉसियसची. तोही बंडखोरच, 286 ते 293 ब्रिटनमध्ये राज्य केलेला. मडकं म्हणजे वर्षानुवर्षं पैसे टाकत गेलेला गल्ला असता तर जुनी नाणी तळाशी आणि कॅरॉसियसची वर मिळायला हवी होती. पण त्याची बरीचशी नाणी अर्ध्याच्या खाली निघाली. म्हणजे मडकं एकाच वेळी भरलं गेलं. शिवाय मडक्याची भिंत इतकी पातळ होती की 160 किलोचं भरलेलं मडकं उचलून आणणं शक्यच नव्हतं. आधी रिकामं मडकं जमिनीत बसवलं, मग लहान भांड्यांतून नाणी आणून त्यात ओतली. संकटात घाईघाईनं पैसे पुरणारा आणि पुढे परत काढायची इच्छा असलेला माणूस असं का करेल? परत काढताना तर मडकंच फोडावं लागणार. म्हणून काही अभ्यासकांनी मांडलं की ही एखाद्या गावानं किंवा समूहानं देवाला वाहिलेली ठेव असावी. हा एवढा सगळा विचार शक्य झाला तो एका माणसानं हात आवरला म्हणून. त्यानं मडकं उपसून पोत्यात भरलं असतं तर 52,503 नाणी तीच राहिली असती आणि ही गोष्ट कायमची गेली असती.

मेटल डिटेक्टरच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून दिशा बदलत राहणारी वीज सोडली की खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे छोटे वीजप्रवाह उठतात आणि ते स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र परत पाठवतात. दुसरं वेटोळं ते पकडतं आणि कानाला आवाज ऐकू येतो. लोखंड, तांबं, चांदी यांचा परतीचा सूर थोडा वेगळा असतो, त्यावरून सरावलेला माणूस अंदाज बांधतो. एकटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत लागतं, मोठं मडकं त्याहून खाली असलं तरी लागतं. बहुतेक वेळा निघतात ते खिळे, बटणं, काडतुसांची टोपणं आणि चॉकलेटचा चांदीचा कागद.

नांगर फिरतो तेवढी वरची माती शतकानुशतकं उलटीपालटी होत आलेली असते. तिथे सापडलेलं नाणं आधीच हललेलं आहे, ते उचलल्यानं फार काही बिघडत नाही, फक्त जागा नोंदवायची. पण नांगराच्या खालची माती न हललेली असते. तिथे थर शाबूत असतात. शहाणा शोधक तिथे पोचला की थांबतो.

ब्रिटनमध्ये हे थांबणं कायद्यानं आणि सवयीनं जमवून आणलंय. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी 1996 चा ट्रेझर ॲक्ट आहे. एकाच जागी सापडलेली, 300 वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी म्हणजे 'ट्रेझर'. नाणी हिणकस असतील, म्हणजे सोनंचांदी दहा टक्क्यांहून कमी असेल, तर दहा किंवा अधिक हवीत. असं काही सापडलं की 14 दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि तेवढी रक्कम साधारणपणे शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. फ्रोमच्या साठ्याची किंमत 3,20,250 पौंड ठरली. चालग्रोव्हचा साठा ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयानं घेतला आणि डोमिशियानस आज तिथे लोकांना पाहायला मिळतो.

एकटंदुकटं नाणं सहसा या कायद्यात बसत नाही. त्यासाठी 1997 पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम चालवली जाते. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी लोकांनी आणलेली वस्तू पाहतात, मोजतात, फोटो काढतात, सापडल्याची जागा नोंदवतात आणि वस्तू परत देतात. अशा 15 लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी झाल्या आहेत. माझ्या मते डोमिशियानससारख्या एखाद्या चमत्कारापेक्षाही हे काम मोठं आहे. नोंदींचे हजारो ठिपके नकाशावर मांडले की कुठे बाजार भरत होता, कुठे वस्ती होती, कुठला रस्ता वापरात होता, हे दिसायला लागतं.

या सगळ्याचा आपल्या मातीशी काही संबंध? आहे, आणि चांगला जुना आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर यांची नावं येतात. रोमन सोन्याचांदीची नाणी भडोच बंदरात उतरत आणि तिथे बदलून घेताना फायदा होई, असंही तीत लिहिलंय. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात खोदकामात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली, ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

आणि साठ्यानं इतिहास ठरवल्याचं उदाहरण हवं असेल तर ते नाशिक जिल्ह्यातच आहे. 1906 मध्ये जोगलटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाची सुमारे 13,250 चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारला होता. नीट पाहिलं की सातवाहनांच्या टेकडीच्या खुणेखालून नहपानाचं नाक आणि ग्रीक अक्षरं डोकावतात. एकानं दुसऱ्याला हरवलं, त्याचा खजिना घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरच आपली द्वाही ठोकली. ही नाणी गावोगावच्या सराफांकडे जाऊन वितळली असती तर गौतमीपुत्राचा विजय सांगणाऱ्या नाशिकच्या लेण्यांमधल्या शिलालेखाला एवढा बोलका जोडीदार मिळाला नसता.

आपल्याकडे या गोष्टीला गुप्तधन म्हणतात, आणि त्या शब्दाभोवती मांत्रिक, पूजा आणि बळी यांचं जे जाळं आहे त्यानं माणसांचे जीव घेतले आहेत. कायदा मात्र साधा आणि जुना आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कधी. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुणाचा रास्त दावा निघाला नाही आणि ठेवा बेवारशी ठरला, तर त्याची वाटणी शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा अशी होते. सरकारला तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यांच्या आवारात खणणं हा सरळ गुन्हा आहे.

विहीर खणताना, घराचा पाया काढताना किंवा शेतात नांगर अडकला म्हणून कधी मडक्याचा काठ दिसलाच, तर मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, लांबून एक, जवळून एक. जवळचं झाड, बांध किंवा विहीर फोटोत येऊ द्या, म्हणजे जागा नंतर नक्की करता येईल. बाहेर पडलेली नाणी मातीसकट कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल आत राहून गंज वाढतो. मडकं आहे तिथेच राहू द्या, वरून माती लोटा आणि तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या.